एकवीस दिवसांची धुरी

५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पोचले. घोडाही पोचला. दोघांत जास्त हाल माझे झाले. त्याला पेटीत गाद्यांवर निजवून आणलं, आणि मी विमानतळापासून ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी नऊ तास ताठ बसून आले.

किल्ला म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तटबंदी, बुरूज, तोफा एवढंच होतं. ते आहेच, पण आत चक्क माणसं राहायची तसं घर आहे. गोल दगडी जिना चढून गेलं की मोठा दरबार लागतो. त्याच्या छताला ब्याऐंशी लाकडी तुळया आहेत आणि प्रत्येकीवर चित्रं: पानं, पाखरं, हरणाच्या मागे लागलेले कुत्रे. चारशे वर्षांचे रंग आणि अजून ताजे टवटवीत! मी मान वर करून इतकी फिरले की शेवटी चक्कर येऊन एका चिलखताला धरलं.

किल्ल्याची देखभाल एका बाईंकडे आहे. मनातल्या मनात मी त्यांचं नाव 'किल्लेदारीण' ठेवलंय. कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा की बाईंच्या आधी त्यांचा आवाज येतो. 'किल्ल्यातल्या किल्ल्या' हा विनोद मी त्यांना मोडक्यातोडक्या भाषेत समजवायला गेले आणि तोंडघशी पडले.

प्रदर्शन फक्त लाकडी कामाचं आहे. आपल्या संग्रहालयाच्या लाकडी घोड्याच्या एका बाजूला कोरीव पाळणा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेलं घुबड. इथं एप्रिलअखेरपर्यंत, मग आणखी दोन किल्ले. रोज सकाळी घोडा नीट तपासायचा, वहीत 'सर्व ठीक' लिहून सही करायची आणि मग दिवसभर मी राणी.

एक विचारायचं होतं. पेटी उघडल्यावर पाहिलं तर घोड्याच्या पोटाखाली, खोगिराच्या पट्ट्याजवळ सात-आठ ठिपके चकाकतायत. रंगवलेलं मेण आहे. तुझ्याच हातचं, तुझं काम मी झोपेतही ओळखेन. पण आपल्या नोंदीत ते नाही. राहून गेलं का? कळव, म्हणजे इथल्या वहीत लिहिते.

दरबारात थंडी मरणाची आहे. उद्घाटनाच्या आधी उबेची यंत्रं लावणार आहेत म्हणे. दादाला गुडघ्याचा व्यायाम करायला लाव.

तुझी,
चिंगी


१४ फेब्रुवारी

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. ह्यांनी ते आधी स्वतः वाचलं, मग मला वाचून दाखवलं, मग शेजारच्यांना. चिलखताला मिठी मारल्याची गोष्ट आता अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. व्यायामाचं म्हणशील तर ते सकाळी खुर्चीत बसून पाय एकदा हलवतात आणि दमले म्हणून चहा मागतात.

मेणाचं विशेष काही नाही. जुनी छिद्रं होती, परक्यांच्या नजरेत भरू नयेत म्हणून बुजवली. गडबडीत नोंद राहिली. आता तिथं वहीत लिहायला जाऊ नकोस, उगाच शंभर प्रश्न विचारतील. घोड्याला जायच्या आधी कीड मारायला पूर्ण एकवीस दिवस वायूची धुरी दिलेली आहे आणि तसा माझ्या सहीचा दाखला कागदपत्रांत आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही.

सगळं बघून घे. सुट्टीच्या दिवशी खोलीत लोळत पडू नकोस. दुसरे किल्ले, प्रदर्शनं, जे दिसेल ते बघ आणि मला लिही. मी इतकी वर्षं लोकांची चित्रं नीट केली, पण ती भिंतीवर लागलेली कधी पाहिली नाहीत.

आणि यापुढे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. घरच्या पेटीतून पत्रं गहाळ व्हायला लागलीयत.

वहिनी


२४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

ऑफिसच्या पत्त्यावर लिहितेय. घरच्या पेटीतून पत्रं कधीपासून गहाळ व्हायला लागली? दादा तर पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो.

उद्घाटन झालं. त्याच्या आदल्या दिवशी उबेची यंत्रं सुरू झाली आणि दरबार आपल्या घरासारखा उबदार झाला. परवा सकाळी, म्हणजे बावीस तारखेला, मी घोडा तपासायला वाकले तर चौथऱ्यावर, बरोबर पोटाखाली, चिमूटभर पीठ. पिवळसर, बारीक. बोटावर घेऊन चोळलं. वहिनी, ते कसलं पीठ आहे हे तुला सांगायला नको.

मी काय केलं असेल? रुमालानं पुसलं आणि वहीत 'सर्व ठीक' लिहिलं. तुझा कागद आठवला. एकवीस दिवस धुरी दिलेल्या लाकडात जिवंत काही राहत नाही, तेव्हा हे जुनंच पीठ हलवाहलवीत सुटलं असेल, असं मनाशी म्हटलं. काल पुन्हा तेवढंच. आज थोडं जास्त.

काल सकाळच्या तपासणीनंतर सुट्टी होती. तू म्हणालीस म्हणून बसनं तासाभरावरचा दुसरा किल्ला पाहायला गेले. बाहेरून देखणा आहे. आत एक पूर्ण मजला बंद. छताला खालून लोखंडी टेकू दिलेत. तिथल्या वाटाड्यानं तुळईचा एक तुकडा आमच्या हातात दिला. दिसायला भक्कम, उचलला तर पापडासारखा हलका. दाबला तर चुरा. लाकूड पोखरणारं भिरूड! कुणीतरी बाहेरून एक जुनी खुर्ची आणली होती, तिच्यातून आलं, असं तो सांगत होता. बाकीचे लोक फोटो काढत होते. मी तो चुरा बोटावर घेऊन चोळला.

मला एवढंच सांग: धुरीच्या खोलीचं दार तू बंद केलंस तेव्हा तारीख कोणती होती आणि उघडलंस तेव्हा कोणती?

चिंगी


५ मार्च

चि. चिंगीस,

आता तू मला तारखा विचारणार?

नऊ वर्षांची होतीस तेव्हा मी या घरात आले. तुझ्या वेण्या घातल्या, उवा काढल्या, हातात ब्रश कसा धरायचा ते शिकवलं. लाकडातलं पीठ म्हणजे काय हे तुला कुणी शिकवलं? मीच ना? मग मी सांगते ते ऐक. नऊ तास ट्रकमध्ये हादरे बसले, वर एकदम ऊब मिळाली. लाकूड सुकलं, आकसलं, जुनं पीठ झडलं. दहा-बारा दिवसांत थांबेल.

दुसऱ्या किल्ल्यातली गोष्ट ऐकून स्वतःच्या घोड्यावर संशय घ्यायचा, याला काय म्हणावं? लोकांचं बघून आपल्या पोटात दुखवून घेण्यातला प्रकार. तोंड बंद ठेव आणि डोळे उघडे. एप्रिलअखेर घोडा तिथून हलेल.

माझ्या निवृत्तीला सात महिने उरलेत, हे तुला माहीत आहे. अठ्ठावीस वर्षांत माझ्या कामावर कुणी बोट ठेवलेलं नाही. पहिलं बोट तुझं असू नये.

हे बरे आहेत. विचारतात, चिंगी लिहीत का नाही? मी म्हटलं, फिरण्यात दंग आहे.

वहिनी


१४ मार्च

वहिनी,

इतकं रागावून लिहिलंस, पण तारखा लिहिल्या नाहीस.

दहा-बारा नाही, वीस दिवस होऊन गेले. पीठ थांबलेलं नाही. मेणाचे दोन ठिपके आतून फुटून बाहेर पडलेत. आणि आज सकाळी घोड्याच्या पुढच्या पायावर एक किडा चालताना सापडला. तिळाएवढा, तांबूस काळा. मी त्याला काड्यापेटीत घातलंय. पेटी कोटाच्या खिशात आहे. कानाशी धरली की आत खरवडल्याचा आवाज येतो. खरंच येतो की मला भास होतो, कळत नाही.

एकवीस दिवस मी त्या वहीत खोटं लिहितेय. गंमत बघ, बरोबर एकवीस! रोज सगळ्यांच्या आधी येते, रुमालानं चौथरा पुसते. काल किल्लेदारीण मागे येऊन उभी राहिली. नेमका तेव्हा तिच्या किल्ल्यांचा आवाज मला ऐकू आला नाही. म्हणाली, "आमच्या माणसांनी धूळ नीट काढली नाही का?" मी म्हटलं, "काढली होती. मला सवय आहे." ती हसली. म्हणाली, "अशी काळजी घेणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं." वहिनी, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ही बाई इथंच जन्मली. तिचा बाप इथला सुतार होता. त्या ब्याऐंशी तुळयांतल्या प्रत्येकीवर काय रंगवलंय हे ती वर न बघता सांगते. किडे उडतात, वहिनी. घोड्याच्या पाठीपासून छत वीस हातांवर आहे.

इथंच माझं घोडं पेंड खातंय. तुझ्याशिवाय मला हे कुणी सांगू शकत नाही. पत्राला आठ-आठ दिवस लागतात, तेवढा वेळ आता नाही. हे पत्र मिळताच तार कर. एकच शब्द लिही. धुरी दिली, की नाही?

चिंगी


(तार, २२ मार्च)

दिली. काळजी नको. घरी सर्व कुशल. वहिनी


२२ मार्च, दुपार

चिंगे,

तार केली आणि तशीच ऑफिसात येऊन हे लिहायला बसले. हे पत्र तुला मिळेपर्यंत तारेचा तो शब्द आठ दिवस तुझ्याजवळ असेल. त्याबद्दल काय म्हणू?

तारघरात हे माझ्याबरोबर आले होते. गुडघा दुखत असताना आले, चिंगीला तार करायची म्हणून. मी मजकूर लिहीत होते आणि हे खांद्यावरून वाचत होते. मी 'नाही' असं लिहायला हात उचलला होता. तेवढ्यात ह्यांनी विचारलं, "काय गं, एवढं तारेनं कळवण्यासारखं काय आहे?" आणि माझ्या हातून 'दिली' असं लिहिलं गेलं. लिहिलं गेलं म्हणजे मीच लिहिलं.

धुरी दिली नाही. एक तासही नाही.

धुरीच्या खोलीच्या दाराची रबरी पट्टी डिसेंबरातच फाटली होती. दार हवाबंद होत नव्हतं. नवी पट्टी यायला दोन महिने. मी साहेबांना सांगायला गेले. ते म्हणाले, "मग घोडा राहू द्या. चांदीची भांडी पाठवू, भांडारातलं कुणीतरी बरोबर जाईल." तुझं नाव घोड्याच्या शेपटीला बांधलेलं होतं, चिंगे. घोडा राहिला की तू राहिलीस. मी तिथल्या तिथं म्हटलं, "पट्टी चिकटवून बघते, होईल." आणि तीन आठवड्यांनी दाखल्यावर सही केली.

मेण भरलं तेव्हा छिद्रांच्या कडा पांढऱ्या होत्या. ताज्या. ते मला दिसलं होतं. तुला एका शब्दानं बोलले असते तर तू पेटीचं झाकणच लावू दिलं नसतंस, म्हणून बोलले नाही.

पंधरा वर्षं तू दुसऱ्यांच्या प्रवासासाठी पेट्या भरल्यास. ज्या वर्षी तुला परदेशी शिकायला बोलावल्याचं पत्र आलं, त्याच वर्षी ह्यांचं दुखणं निघालं. तू ते पत्र कपाटात कपड्यांखाली ठेवलंस आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामाला आलीस. कधी चकार शब्द काढला नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. तुझ्या त्या न बोलण्याचं ओझं मी घोड्याच्या पाठीवर टाकायला गेले.

आता तुला जे करायचं ते कर. मी अडवणार नाही. एकच सांगते: बोललीस तर माझं नाव घे. तुझा स्वभाव मला माहीत आहे. स्वतःच्या डोक्यावर काही ओढवून घेऊ नकोस.

वहिनी


२४ मार्च

वहिनी,

तुझी तार परवा संध्याकाळी मिळाली. 'दिली.' मी ती चार वेळा वाचली. दुसऱ्या खिशात काड्यापेटी होती.

काल सकाळी वही उघडली, पेन हातात घेतलं आणि लिहिता आलं नाही. सरळ किल्लेदारणीच्या खोलीत गेले. काड्यापेटी तिच्या टेबलावर ठेवली. तिनं उघडली, चष्मा लावला, बराच वेळ बघत राहिली.

"हा आमच्या छतातला, की तुमच्या घोड्यातला?"

"घोड्यातला."

"तुमच्या कागदावर धुरीचा दाखला आहे."

"धुरी दिली गेली नाही."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. उठली, जिन्यानं वर गेली, दरबारात दहा-बारा लोक होते त्यांना हात जोडून बाहेर काढलं आणि दाराला कुलूप लावलं. मग उबेची यंत्रं बंद केली. मग माझ्याकडे वळली.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"बावीस फेब्रुवारीपासून."

तिनं बोटांवर मोजलं. "एकोणतीस दिवस," म्हणाली. "किडा मुका असतो. तुम्हाला तर तोंड आहे."



दुपारी त्यांची माणसं शिड्या घेऊन आली. शेजारच्या पाळण्यावर आणखी एक किडा सापडला. तो पाळणा कुठल्या लांबच्या संग्रहालयानं विश्वासानं पाठवलेला. घोडा आणि पाळणा दोन्ही जाड प्लास्टिकच्या तंबूत बांधले. संध्याकाळी जबाब घेतला. दाखल्यावर सही कुणाची, असं विचारलं. मी सांगितलं, सही वहिनींची आहे, पण धुरी द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी टाळलं आणि त्यांनी माझ्या शब्दावर सही केली. तसं लिहून दिलं. खाली सही केली.

तुझे सात महिने तसेच राहू देत. तू आता काही बोलू नकोस. मला विचारल्याशिवाय काहीही करू नकोस.

दरबाराची किल्ली माझ्याकडून परत घेतली आहे.

चिंगी


३ एप्रिल

चि. चिंगीस,

जे करू नकोस म्हणून लिहिलं, नेमकं तेच करून बसलीस. आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली.

तुझ्या पत्राआधी तिथल्या किल्ल्याचं पत्र साहेबांकडे आलं होतं. त्यांनी मला बोलावलं. चेहरा गंभीर, पण आतून सुटल्यासारखे. म्हणाले, "तुमच्या नणंदेनं स्वतःच लिहून दिलंय. वाईट वाटतं, पण आता तिला कामावर ठेवणं कठीण. तुम्ही मात्र निश्चिंत राहा." माझ्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

मी पाणी प्याले नाही. बाहेर येऊन शिपायाकडून कागद मागून घेतला आणि उभ्यानंच सगळं लिहिलं. फाटलेली पट्टी, साहेबांशी झालेलं बोलणं, मेण, खोटी सही. एक प्रत साहेबांना दिली, एक तिकडच्या किल्ल्याला पाठवली, म्हणजे कुणाच्या खणात राहायला नको. खोटं माझं होतं, चिंगे. ते तू उसनं घ्यायचं नाहीस.

मला कामावरून थांबवलंय. चौकशी होईल. साहेब म्हणतात, पट्टीबद्दल त्यांना कधी कुणी बोललंच नव्हतं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. सगळी पत्रं पुढ्यात ठेवली. एक-एक करून वाचली त्यांनी. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तारघरात मी नसतो तर खरं लिहिलं असतंस का?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते म्हणाले, "हे मात्र खरं बोललीस."

खाली त्यांना दोन ओळी लिहायच्या आहेत.

वहिनी

चिंगे, मी गुडघ्यानं अधू आहे, डोक्यानं नाही. तुम्ही दोघींनी मला दोन महिने लहान मुलासारखं बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलंत. तुला शिकायला बोलावल्याच्या त्या पत्राचं मला आत्ता कळलं. तुझ्या वहिनीकडून, तुझ्याकडून नाही. एवढंच लिहितो. नीट ये. — दादा


१९ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझ्या कागदाची प्रत किल्लेदारणीला मिळाली, आणि त्याच दिवशी मला पुन्हा तिच्या खोलीत बोलावणं आलं. दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवलेले होते. "यातलं खरं कोणतं?" म्हणाली. मी तुझ्या कागदावर बोट ठेवलं. तिनं चष्मा काढला. "खरं सगळं एकदम सांगायची पद्धत नाही का हो तुमच्यात?"

तुझा राग आला. तुझा अभिमानही वाटला, पण राग आधी.

धुरी इथंच दिली. त्यांची माणसं आणि मी मिळून. मला बोलावलं ते माफी मिळाली म्हणून नाही, तर घोड्याच्या रंगाला वायू किती सोसेल हे फक्त मलाच माहीत होतं म्हणून. एकवीस दिवस. किल्लेदारीण माझ्याशी कामापुरतंच बोलायची: "दार." "घड्याळ." "मुखवटा लावा." सोळा तारखेला तंबू उघडला. चौथऱ्यावर सत्तावीस मेलेले किडे होते. मी मोजले, तिनं लिहून घेतले. पाळणा वाचला.

तुळयांचं तू विचारशील. ब्याऐंशीच्या ब्याऐंशी तपासल्या. नवीन काही दिसलं नाही. पण वर जाऊन कुणी अंडी घातली असतील तर ती दिसत नाहीत, आणि आतली अळी बाहेर पडायला तीन-तीन वर्षं घेते. म्हणजे आता तीन वर्षं, दर वसंतात, इथलं कुणीतरी शिडीवर चढून बॅटरी लावून बघत बसणार. आपण काही केलं की नाही केलं, हे आपल्याला तीन वर्षं कळणार नाही. मी तिला म्हटलं, मला दर वर्षी कळवाल का? ती म्हणाली, "पत्ता लिहून ठेवा." दिला. घरचा.

काल निघायचे कागद तयार झाले. घोडा पुढच्या किल्ल्यांना जाणार नाही, वेगळ्या पेटीतून घरी येईल. सगळं आवरल्यावर किल्लेदारणीनं ती रोजची वही माझ्यापुढे ठेवली आणि समोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "दुरुस्त करा." मी एकोणतीस वेळा 'सर्व ठीक' खोडलं आणि प्रत्येकापुढे त्या-त्या दिवशी काय दिसलं होतं ते लिहिलं. चिमूटभर पीठ. दोन चिमटी पीठ. मेण फुटलं. किडा. सगळं तारखेनिशी आठवत होतं. दोन तास गेले. ती मधे एकदाही उठली नाही. शेवटी तिनं वाचलं, माझ्या सहीखाली स्वतःची सही केली आणि वही मिटली.

परत गेल्यावर नोकरी नसेल, हे मला कळतंय. तुलाही नसेल. दादा दोन बायकांना दिवसभर घरात बघून पंधरा दिवसांत व्यायामाला लागेल, एवढा एक फायदा.

दोन मेला दुपारी पोचते. दादाला विमानतळावर आणू नकोस, तू एकटीच ये. तुला खूप काही बोलायचंय, आणि सगळंच चांगलं नाही. तुझंही असेल. टॅक्सीनं घरी पोचायला तास लागतो. तेवढ्यात कडकडून भांडून घेऊ, म्हणजे घरात शिरताना हातात फक्त सामान असेल.

तुझी,
चिंगी